रि: रि: शनिवारची व्हॅन – ढोल की बुंदी?

सुमाताई, बुधवार रात्र
मंडळी, शनिवारी पहाटे पाचची व्हॅन, फ्रीमाँटहून लॉस एंजेलिस, विसर्जनाच्या मिरवणुकीला. आमची कुत्री बुंदी येणार आहे. शेजारीण गावाला गेलीय, आणि मागच्या वेळी बोर्डिंगमध्ये ठेवलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मागच्या भागात तिचा ३६ इंची क्रेट (पिंजरा) बसतो, मी टेप लावून पाहिलंय. पण बाळूदादांच्या यादीत तिथे चार ढोल, दोन ताशे आहेत. ढोल कुणाच्या गाडीत जातील? उद्यापर्यंत कळवा.

बाळू
ढोल हलणार नाहीत. मागच्या वर्षी असेच 'कुणाच्या तरी' गाडीत दिले आणि विसर्जन आटोपल्यावर पोचले. शिवाय ढोलाच्या एका पानावर कूलर ठेवलेला होता. कुणी ठेवला ते मी इथे लिहीत नाही. बुंदीला मांडीवर घ्या की! आमचा सांगलीचा कुत्रा राजा जीपच्या टपावर बसून बाजाराला यायचा.

अपर्णा
दादा, मांडी नको. ताशी ६५ मैलांना ब्रेक लागला तर व्हॅन थांबेल, अठरा किलोची बुंदी ६५ नेच पुढे जाईल. आणि पुढे तुमची मान असेल. क्रेट नसेल तर छातीवरून जाणारा हार्नेस, सीटबेल्टला अडकवलेला, मागच्याच सीटवर. पुढे एअरबॅग असते. गळपट्ट्याला बेल्ट अडकवायचा नाही, गळ्याला फास बसतो. हार्नेस घेणार असाल तर सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने धडक देऊन तपासलेला घ्या, नुसतं 'सेफ' लिहिलेला नको. क्रेट नेलात तर तोही बांधून ठेवायचा.

कोषाध्यक्ष
व्हॅनच्या करारात सफाईचा वेगळा आकार आहे. गेल्या वर्षी सारणाचा डबा सीटवर सांडला त्याचे पैसे मंडळाने भरले, या वर्षी भरणार नाही. बुंदीला गाडी लागते का, एवढंच सांगा.

सुमाताई
लागते. गिलरॉय येईपर्यंत नुसती लाळ गळते, मग व्हायचं ते होतं.

अण्णा
सर्दीची अर्धी गोळी द्या, गाढ झोपेल. मी स्वतः विमानात घेतो.

अपर्णा
अण्णा, कृपा करून नको. काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध मिसळलेलं असतं, तेवढंही कुत्र्याला विषारी ठरू शकतं. सुमाताई, उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करून मॅरोपिटंट विचारा. ते उलटीसाठी आहे आणि निघण्याच्या निदान दोन तास आधी द्यायचं असतं, म्हणजे तुम्हाला तीनला उठावं लागेल. बरोबर घासभर खाणं चालतं, पोटभर नको. भीतीचं औषध वेगळं. डॉक्टरांनी ट्रॅझोडोन दिलं तर शुक्रवारी घरीच एकदा देऊन बघा. काही कुत्री त्याने झोपायच्या ऐवजी चेकाळतात, ते व्हॅनमध्ये कळायला नको.
आणि खरं तर ही सवय लावायला काही आठवडे लागतात. आपल्याकडे तीन रात्री आहेत. आज बंद गाडीत क्रेट ठेवून तिचं जेवण तिथेच द्या, इंजिन नाही. उद्या इंजिन चालू, गाडी जागेवरच. शुक्रवारी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. ती धापा टाकायला लागली की मागची पायरी. क्रेटमध्ये जुनी गोधडी घाला, न धुतलेली. घराचा वास हवा.

नंदू
ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटिश एसपीसीए या प्राणीसंरक्षण संस्थेने २०१७ मध्ये निवाऱ्यातल्या कुत्र्यांना गाणी ऐकवली होती. सॉफ्ट रॉक आणि रेगेला ती जास्त निवांत होती. प्लेलिस्ट मी करतो.

अण्णा
सहा तास रेगे? मी पुढे बसणार आहे. नाट्यसंगीत लावा.

नंदू
अण्णा, तुमच्या ताना ऐकून माणसं वाटेत केटलमनलाच उतरतील. बरं, ढोल माझ्या पिकअपमध्ये टाकू या का?

बाळू
उघड्या ट्रकमध्ये? व्हॅलीच्या उन्हात पान तडकेल. त्यापेक्षा बुंदीलाच ट्रकमध्ये घे, मोकळी हवा मिळेल.

अपर्णा
कॅलिफोर्नियात वाहन कायद्याचं कलम २३११७ आहे. उघड्या ट्रकमध्ये कुत्रा नीट बांधलेला किंवा पिंजऱ्यात हवा. आणि आय-५ महामार्गावर बांधून नेलेल्या कुत्र्याची दशा मी जनावरांच्या दवाखान्यात पाहते, डोळ्यांत धूळ आणि खडे.

माधवी
मुख्य राहिलं. कोलिंगाला चहाला सगळे उतरतील, तेव्हा बुंदीला 'पाचच मिनिटं, काच खाली करून' गाडीत ठेवू नका. स्टॅनफर्डच्या लोकांनी २००५ मध्ये मोजलंय, बाहेर ७२ फॅरनहाइट असलं तरी तासाभरात आत सरासरी ४० अंश फॅरनहाइट चढतात, बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. काच किंचित उघडून काही फरक पडला नाही. इथे २०१७ पासून ठरावीक अटी पाळून कुणीही काच फोडून जनावर बाहेर काढू शकतो. मग सफाईच्या आकाराचं काय घेऊन बसलात!
शिवाय रेस्ट स्टॉपच्या वाळक्या गवतात सध्या कुसळं आहेत. आमच्या टॉमीच्या पंजात शिरलं ते शस्त्रक्रिया करून काढावं लागलं. डांबरावरच फिरवा, पण आधी हात टेकवून बघा.

अण्णा
दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ ऐकलं होतं, पंजातलं पहिल्यांदाच.

अपर्णा
प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात ना? त्याचा एक घाससुद्धा बुंदीला नको, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आणि माझा एक प्रश्न कुणी विचारत नाहीये. फटाक्यांना पलंगाखाली जाणारी बुंदी ढोलपथकाच्या मिरवणुकीत कुठे असेल?

सुमाताई
...हे डोक्यातच आलं नाही. बाळूदादा, तिथे तुमच्या मामेबहिणीचं घर आहे ना?

बाळू
आहे. मिरवणुकीपासून तीन मैल. तिला मांजर आहे, पण वरच्या मजल्यावर. मी विचारतो.
आणि ठीक आहे. दोन ढोल मी माझ्या गाडीत घेतो, मागची सीट पाडून. पण मग बायकोला व्हॅनमध्ये जागा लागेल. अण्णांच्या मागची नको, ते सीट आडवी करतात.

कोषाध्यक्ष
वहिनींच्या सीटचे वीस डॉलर.

बाळू
ढोलांचे कधी घेतले नाहीत.

सुमाताई, शुक्रवार दुपार
बाळूदादांच्या बहिणीचा होकार आला, मांजर वर राहील. बुंदीने बंद गाडीत जेवण केलं, इंजिन लावल्यावर निम्मं सोडलं. तिथेच थांबलो, कोपऱ्यापर्यंत गेलो नाही. क्रेट सापडला पण दाराची एक कडी सापडत नाही. ३६ इंची क्रेट कुणाकडे आहे का? आज सातच्या आत हवा, तीनला उठायचंय.