मदत हवी आहे: ऑटो-फॉरवर्डचा मेल फिरून फिरून परत येतोय

वैतागवाडी
ऑटो-फॉरवर्ड लावल्यापासून एकच मेल सारखा परत येतोय. मेलबॉक्स भरत आला, कामाचे मेल सापडत नाहीत. लूप कसा थांबवू? अर्जंट आहे. "आयटीवाल्यांना विचारा" सांगू नका, आमच्याकडे आयटी म्हणजे मीच.

खटपट्या
कुठून कुठे फॉरवर्ड? सर्व्हर कोणता? पुढच्या खात्यावरही काही नियम आहे का?

नाना_टर्मिनल
चांगल्या सर्व्हरवर हे होतच नाही. प्रत्येक सर्व्हर मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे वरच्या तांत्रिक ओळींत, एक 'रिसीव्ह्ड' ओळ घालतो. पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर अशा 50 ओळींनंतर मेल परत पाठवतं, सेंडमेल हे दुसरं 25 नंतर. शिवाय पोस्टफिक्स 'डिलिव्हर्ड-टू' (मेल आधी कुठल्या खात्यात पोचला ती ओळ) बघून त्याआधीच लूप पकडतो. पोस्टफिक्स टाका, विषय संपला.

खटपट्या
नाना, मेलबॉक्स भरलेल्या माणसाला सर्व्हर बदलायला सांगताय?

वैतागवाडी
आमच्या 'माहिती' खात्यावरून 'हिशेब' खात्याला जातो, बस. नियम आउटलुकमधून लावलाय. विषयाची ओळ अशी दिसतेय: "एफडब्ल्यू: एफडब्ल्यू: एफडब्ल्यू: एफडब्ल्यू: कोटेशनबाबत"

सावली
मला वाटतं रजेच्या ऑटो-रिप्लायमुळे होतंय. त्यात 'ऑटो-सबमिटेड' (मेल आपोआप गेलाय असं सांगणारं) हेडर हवं, आरएफसी 3834 हे इंटरनेटचं मानक वाचा. सीव्ह या मेल-नियमांच्या भाषेतलं रजेचं उत्तर, 'व्हेकेशन', तर एका माणसाला सहसा 7 दिवसांत एकदाच उत्तर देतं.

खटपट्या
ऑटो-रिप्लायचं नाव तरी कुणी काढलंय का इथे?

जुनी_पेटी
त्या एफडब्ल्यूच्या (फॉरवर्डच्या खुणेच्या) माळेतच उत्तर आहे. तुमचा नियम 'फॉरवर्ड' करतो, 'रीडायरेक्ट' नाही. रीडायरेक्टमध्ये मूळ मेलच हेडरसकट पुढे जातो, ओळी साठत जातात आणि कधीतरी मर्यादा लागते. फॉरवर्डमध्ये दर वेळी नवा मेल तयार होतो: नवा मेसेज-आयडी (मेलचा ओळख-क्रमांक), रिसीव्ह्डची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नानांचे 50 कधी भरणारच नाहीत. पण 'हिशेब'वरून परत कोण पाठवतंय, ते सांगितलंच नाहीत.

वैतागवाडी
आत्ता बघितलं. 'हिशेब' बघणाऱ्या ताई रजेवर आहेत, त्यांनी सगळं 'विक्री'ला वळवलंय. आणि 'विक्री'वाल्यांनी ग्राहकांचे मेल चुकू नयेत म्हणून 'माहिती'ला लावलंय. मला कुणी काही बोललं नाही.

खटपट्या
झालं, तिघांचा गोफ. आधी कुठलाही एक नियम बंद करा, बाकीचं नंतर.

प्रोक्मेलप्रेमी
एक्स-लूप! जाताना मेलमध्ये 'एक्स-लूप: आपला पत्ता' घालायचं, येताना ते दिसलं तर पुढे पाठवायचं नाही. वर्षानुवर्षं हेच वापरतोय.

जुनी_पेटी
रीडायरेक्टला चालेल. इथे मधल्या खात्यावर फॉरवर्ड झालं की नवा मेल, खूण गळाली. पहारा कोण देणार?

प्रोक्मेलप्रेमी
मग आउटलुकच नको. मी पहिल्यापासून सांगतोय.

नाना_टर्मिनल
पहिल्यापासून मी सांगतोय.

जुनी_पेटी
वैतागवाडी, दोन गोष्टी करा. 'माहिती'च्या नियमात अपवाद घाला: प्रेषक 'विक्री' असेल तर पुढे पाठवू नये. फॉरवर्ड झालेल्या मेलवर पाठवणाऱ्या खात्याचाच पत्ता येतो, म्हणून साखळी तिथेच तुटेल. दुसरं, फॉरवर्डऐवजी रीडायरेक्ट करा. ज्या मेलचा रिटर्न-पाथ (न पोचल्यास निरोप जायचा पत्ता) रिकामा, म्हणजे न पोचल्याचे निरोप, ते शक्य असेल तर मुळीच पुढे ढकलू नका.

सावली
पण 'विक्री'तल्या कुणी स्वतः 'माहिती'ला लिहिलं, तर तो मेलही 'हिशेब'ला जाणार नाही ना?

जुनी_पेटी
नाही जाणार. तो 'माहिती'त पडून राहील, हरवणार नाही. त्यांना 'हिशेब'लाच लिहायला सांगा.

एसपीएफ_पीडित
बाहेरच्या डोमेनला रीडायरेक्ट करणार असाल तर एसपीएफ (सर्व्हरला त्या पत्त्याच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे का, ही तपासणी) फेल होईल, कारण मेल तुमच्या सर्व्हरवरून निघतो पण पाठवणारा पत्ता मूळचाच राहतो. एसआरएस, म्हणजे पाठवणारा पत्ता आपल्या डोमेनचा करून लिहिणं, लावावं लागतं.

वैतागवाडी
तिन्ही खाती आमच्याच डोमेनवर आहेत. 'विक्री'चा नियम बंद करायला लावला, नवे मेल थांबले. अपवादही घातला. आता हे जमलेले हजारो कोटेशनवाले एका झटक्यात कसे उडवू? मूळ मेल मात्र राहिला पाहिजे, ग्राहकाला उत्तर द्यायचंय.

खटपट्या
विषयात "एफडब्ल्यू: एफडब्ल्यू:" शोधा, सगळे निवडा, डिलीट. मूळ मेलच्या विषयात एफडब्ल्यू नसणार, तो राहील. नंतर डिलीटेड फोल्डरही रिकामं करा, नाहीतर जागा सुटत नाही.

नाना_टर्मिनल
कमांड लाइनवर हे एका ओळीत झालं असतं.