प्रतिसाद: भिंतीच्या नुकसानीचा दावा

शेजाऱ्यामुळे घराची भिंत गेली तर भरपाई कशी मिळवायची, या प्रश्नावर 'तलाठ्याचा पंचनामा झालाय, आता भरपाई मिळेलच' असं वर एकाने लिहिलंय, ते पटलं नाही. तो पंचनामा अतिवृष्टी, गारपिटीच्या सरकारी मदतीसाठी. शेजाऱ्यामुळे भिंत गेली तर पैसे त्याच्याकडूनच वसूल करायचे, म्हणजे तालुक्याच्या दिवाणी कोर्टात दावा. लोकअदालतीत तडजोड करा, हा वरचा दुसरा सल्ला मात्र बरोबर आहे. तिथल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, वर अपील नाही. फक्त समोरचा यायला तर हवा ना!

कोर्ट कमिशनरबद्दल, म्हणजे जागेची पाहणी करायला कोर्ट नेमतं त्या माणसाबद्दल, कुणीच लिहिलं नाही. लातूरकडे आमच्या भावकीत एकाचं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर आहे. शेजारच्या नव्या स्लॅबचं पाणी सारखं पडून पांढऱ्या मातीची भिंत फुगली. शेजारी म्हणे, भिंत जुनीच होती. वकिलाने दाव्याबरोबरच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली कमिशनर नेमायचा अर्ज टाकला. कमिशनरने दोघांना नोटीस देऊन जागेवर पाहणी केली, नकाशा काढला. हा अहवाल पुराव्यात धरला जातो, त्यामुळे शेजाऱ्याचा सूर बराच खाली आला. कमिशनरची फी अर्जदारालाच भरावी लागली, ते धरून चाला. आणि पाहणीआधी गवंडी लावू नका. लिंपलेल्या भिंतीत कमिशनर बघणार काय?