पर्नासियसचे आठ तुकडे करायची खरंच गरज आहे का?

डोंगरभटका

रोहतांग, कुंझुम किंवा लडाखातल्या खिंडींवर गेलेल्या बऱ्याच जणांनी अपोलो फुलपाखरू पाहिलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. पांढुरके, जागोजागी आरपार दिसणारे पंख, काळे डाग, मागच्या पंखांवर काळ्या कडेचे लाल ठिपके, अंगावर दाट लव. ऊन असेल तेवढाच वेळ उडतं, ढग आला की दगडाला चिकटून बसतं. कूळ पॅपिलिओनिडी, म्हणजे आपल्या राज्य फुलपाखराचं, नीलवंताचंच. मात्र याला शेपटी नाही. या सगळ्यांचा जीनस (जवळच्या नात्यातल्या जातींचा गट) पर्नासियस. जाती पन्नासच्या वर, नक्की किती ते मोजणाऱ्यावर अवलंबून.

लिनियसने १७५८ साली युरोपातल्या अपोलोला पॅपिलिओ अपोलो म्हटलं. लात्रेय या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने १८०४ मध्ये त्याच्यासाठी पर्नासियस हा स्वतंत्र जीनस केला. इथवर ठीक. पुढे १९०२ च्या सुमारास फ्रेडरिक मूरने भारतीय फुलपाखरांवरच्या ग्रंथात त्यातून कैलासियस, कोरामियस आणि टाडुमिया बाहेर काढले. १९३५ मध्ये ब्रिक या अभ्यासकाने हार्डविकी या जातीसाठी लिंगामियस काढला. १९८८ ते ९० दरम्यान कोर्शुनोव्ह या रशियन अभ्यासकाने आणखी तीन नावांची भर घातली: ड्रिओपा, साखाया, क्राइत्सबर्गिया. मूळ पर्नासियस धरून झाले आठ.

बहुतेक जण या आठांना उपजीनस मानतात, पण पूर्ण जीनस म्हणून लिहिणारेही आहेत. माझं मत असं की जीनस एकच ठेवावा. घर एक आहे, चुली वेगळ्या करायच्या तर करा, पण सातबारा फोडू नका. ज्याला बारकावा दाखवायचाय त्याने उपजीनस कंसात लिहावा, नियमात तशी सोय आहेच: पर्नासियस (कोरामियस) स्टोलिक्झकानस. नाव तेच राहतं आणि माहितीही मिळते.

सुरवंट

असहमत. हे आठ गट कुणी हौसेने पाडलेले नाहीत. २००४-०५ मध्ये जपानी संशोधकांनी मायटोकॉन्ड्रियातल्या एनडी५ या जनुकावरून वंशवृक्ष काढला, तेव्हा जुन्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाडलेले गट बहुतांशी तसेच्या तसे वर आले. पंखांचे नमुने, मादीवरची पिशवी, अळीचं खाद्य सगळं एकाच दिशेला बोट दाखवत असेल तर त्या गटांना जीनसचा मान का नको?

पिशवीचं जरा सविस्तर सांगतो, कारण या फुलपाखरांची खरी गंमत तिथे आहे. समागमाच्या वेळी नर मादीच्या पोटाच्या टोकाशी एक द्राव सोडतो. तो वाळून टणक होतो आणि मादी पुन्हा दुसऱ्या नराशी जुळू शकत नाही. याला स्फ्रॅगिस म्हणतात. वाळलेली वस्तू मादी मरेपर्यंत अंगावर राहते, संग्रहातल्या शंभर वर्षं जुन्या नमुन्यावरही दिसते. ड्रिओपा गटातल्या नेमोसिनी या जातीच्या मादीवर ती मोठी, पांढरट आणि पोटाखाली लांबवर पसरलेली असते. अपोलोच्या मादीवर लहान आणि तपकिरी. हेन्री एल्विसने १८८६ मध्ये या जीनसवर निबंध लिहिला तेव्हाच या पिशवीला महत्त्व दिलं होतं. तिच्या आकारावरून मादी कुठल्या गटातली हे बरंचसं ओळखता येतं. इतकी ठळक खूण असताना सगळ्यांना एका नावाखाली कोंबायचं म्हणजे हातात आलेली माहिती टाकून देणं.

खाद्याचंही तसंच. अपोलोच्या जवळच्या जाती सेडम, ऱ्होडिओला अशा मांसल पानांच्या झाडांवर वाढतात. ड्रिओपा आणि कोरामियसवाल्यांचं पोट मुख्यतः कोरिडॅलिस या वनस्पतीवर.

डोंगरभटका

सुरवंट, माहिती झकास. पण निष्कर्षाला माझा आक्षेप आहे. आठ फांद्या आहेत हे मी कुठे नाकारतोय? पण त्या आठही फांद्या ज्या खोडाला लागल्या आहेत ते खोडसुद्धा एकच आहे. पर्नासियस मोठा धरला तरी एकवंशी, म्हणजे एकाच पूर्वजाचे सगळे वंशज, आणि आठ तुकडे केले तरी तुकडे एकवंशी. वंशवृक्ष आपल्याला फांद्या दाखवतो, कुठल्या फांदीला जीनस म्हणायचं हे तो सांगत नाही. ते आपणच ठरवतो आणि ठरवताना सोय बघायची असते.

पिशवीबद्दल एक शंका. नर-मादीच्या चढाओढीतून घडलेले अवयव झपाट्याने बदलतात. दोन दूरच्या गटांत सारखी पिशवी वेगवेगळी उगवली असेल तर? एकट्या पिशवीवर जीनस उभा करायला मी धजणार नाही. आणि एनडी५ हे एकच जनुक, तेही फक्त आईकडून येणारं. संकर झाला असेल तर ते चकवा देतं.

म्युनिकची मावशी

संकराचा विषय निघाला म्हणून. आल्प्समध्ये अपोलो आणि फीबस या दोन जाती जिथे एकत्र येतात तिथे त्यांचे संकर निसर्गातच सापडलेले आहेत. ओळखायला सोपी जोडी आहे: फीबसच्या मिशांवर काळे-पांढरे पट्टे ठसठशीत आणि पुढच्या पंखावर सहसा लाल ठिपका, अपोलोच्या मिशा राखाडी आणि पुढच्या पंखावर फक्त काळे डाग. पण दोन्ही एकाच गटातले, त्यामुळे यावरून आठ जीनसांचा निकाल लागत नाही.

खरं तर तुम्ही दोघं चुकीच्या मजल्यावर भांडताय असं मला वाटतं. गोंधळ वर नाही, खाली आहे. एकट्या अपोलोला दोनशेहून जास्त उपजातींची नावं दिलेली आहेत! दरी बदलली की नवं नाव. ब्रिक आणि आयस्नर या जोडीने तर आयुष्यभर हेच केलं. आयस्नरचा तो अफाट संग्रह नेदरलँड्समध्ये लायडनच्या संग्रहालयात आहे.

डोंगरभटका

मावशी, अगदी! आणि त्यामागचं अर्थकारण कुणी बोलत नाही. संग्राहकांच्या बाजारात नुसत्या अपोलोला भाव नाही, 'अमुक दरीतली तमुक उपजात' म्हटलं की भाव चढतो. ठिपका जरा मोठा, पंखाचा बुडखा जरा काळा, काढा नाव. उंचीवर पंखाचा बुडखा गडद असेल तर अंग लवकर तापतं, म्हणून थंड जागी गडद फुलपाखरं दिसणारच. त्याला उपजात कशाला म्हणायचं?

म्युनिकची मावशी

थांबा, मी पूर्ण तुमच्या बाजूची नाही हं. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी द्राक्षमळ्यांचे उतार आहेत. तिथल्या दगडी बांधांवर सेडम वाढतं आणि त्यावर अपोलोच्या अळ्या. डोंगरावरचं म्हणून ओळखलं जाणारं फुलपाखरू इथे नदीकाठच्या मळ्यात! ही विनिंगेन्सिस उपजात, विनिंगेन गावावरून नाव. लोक तिला 'मोझेलचा अपोलो' म्हणतात. हे नाव नसतं तर एखाद्या अधिकाऱ्याने सहज म्हटलं असतं, 'आल्प्समध्ये आहेत की भरपूर, इथली गेली तर गेली.'

पोलंडच्या पिएनिनी डोंगरात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम वीस-तीस फुलपाखरं उरली होती. मग पाळून, वाढवून पुन्हा सोडली. अशा वेळी कुठला स्थानिक वंश वाचवायचा हे ठरवायला काहीतरी नाव लागतंच. दोनशे नावं नकोत, मान्य. पण म्हणून सगळ्यांवर एकदम बोळा फिरवू नका.

हरभऱ्याचं झाड

तुमची विद्वत्ता चालू द्या, मी आपला कायद्याचं विचारतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ची जुनी पहिली अनुसूची काढून बघा. त्यात अपोलोंची नावं अशी: 'एको जेमिनिफर', 'डेल्फियस', 'हॅनिंग्टोनी', 'इम्परेटर ऑगस्टस', 'स्टोलिक्झकानस अब्दुल्ला'. आता मजा बघा. 'एको' ही छपाईतली चूक, खरं नाव अक्को. डेल्फियस म्हणून जी आपल्याकडे धरली जायची ती फुलपाखरं आता बहुतेक अभ्यासक स्टोलिक्झकानस किंवा स्टेनोसेमसमध्ये टाकतात, खरा डेल्फियस तिकडे मध्य आशियातल्या तिएन शान पर्वताकडे. हॅनिंग्टोनी आज बहुतेक ठिकाणी हनिंग्टोनी असं लिहिलेलं सापडतं. आणि इम्परेटर, स्टोलिक्झकानस, अक्को यांच्या प्रत्येकी एकाच उपजातीला संरक्षण!

उद्या कुणाच्या सामानात पन्नास वाळवलेले अपोलो सापडले आणि त्याच्या वकिलाने 'माझा पक्षकार म्हणतो ही अब्दुल्ला नव्हेच' असा पवित्रा घेतला तर? उपजात सिद्ध करायला कुठून तज्ज्ञ आणणार? २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूची नव्याने मांडल्या हे खरं, पण त्याआधी कित्येक दशकं हाच मजकूर लागू होता.

सुरवंट

हा कायदा लिहिणाऱ्यांचा दोष, वर्गीकरणाचा नव्हे.

डोंगरभटका

नाही, इथेच माझा मुद्दा पक्का होतो. 'पर्नासियस, सर्व जाती' एवढी एक ओळ लिहिली की काम झालं. जाती, उपजाती, छपाईच्या चुका, काही आड येत नाही. आता तुमचे आठ जीनस करा आणि तीच ओळ लिहून दाखवा. एखाद्याने टाडुमिया अक्को असं लेबल लावून माल पाठवला की तपासनीस यादीत पर्नासियस शोधत बसणार.

सुरवंट

मग यादीत 'पर्नासियस व त्यातून वेगळे केलेले सर्व जीनस' लिहा, चार शब्द जास्त. कायद्याला सोपं जावं म्हणून शास्त्राने डोळे मिटायचे, हे मला पटत नाही.

आणि तुम्ही खोडाचं म्हणालात ना, त्याच खोडाजवळची दुसरी फांदी बघा: हायपर्मनेस्ट्रा. इराण आणि मध्य आशियाच्या वाळवंटी भागातलं फुलपाखरू. त्या जीनसमध्ये जात एकच. एका जातीला पूर्ण जीनस आणि शेजारी पन्नासच्या वर जातींना मिळून एक, यात कुठली सोय आहे? फक्त सवय आहे. दोनशे वर्षं लेबलांवर पर्नासियस लिहिलंय म्हणून हात धजत नाही, बाकी काही नाही.

डोंगरभटका

सवयीला इतकं हिणवू नका. दोनशे वर्षांची लेबलं, नोंदी, संग्रह, सगळं एका नावाने शोधता येतं. हायपर्मनेस्ट्रात एकच जात आहे ती बाकीच्या बहुधा नामशेष झाल्या म्हणून. तिच्यावरून पन्नास जातींचं माप कसं काढणार?

लेह रिटर्न

मंडळी, भांडण रंगलंय पण माझा प्रश्न साधा आहे. लडाखातल्या चांग ला खिंडीच्या अलीकडे काढलेला एक फोटो आहे. पांढरं, लाल ठिपके, पंख मिटलेले. खाली नाव काय टाकू?

सुरवंट

मिटलेल्या पंखांवरून जात सांगणं अवघड. कडेची झालर दिसतेय का? ती काळी-पांढरी चौकटीची असेल तर एपाफस असण्याची शक्यता बरी. पोटाचं टोक दिसत असेल तर मोठं करून टाका, मादी असेल आणि पिशवी असेल तर पुढचं बोलू. उंची आणि तारीखही द्या.

हरभऱ्याचं झाड

आणि नेमकी जागा धाग्यात लिहू नका. वाचणारे सगळेच कॅमेरा घेऊन जाणारे नसतात.

डोंगरभटका

+१. तोवर फोटोखाली 'पर्नासियस, जात अनिश्चित' लिहा. एपाफस निघालं तर सुरवंटांनाही पर्नासियसच लिहावं लागेल, ते अपोलोच्याच गटातलं आहे.

सुरवंट

एपाफस निघालं तर. सिमो निघालं तर मी टाडुमिया लिहिणार, आधीच सांगून ठेवतो.