खान्देशातल्या जिज्या, आज्या, मोठ्या माया... तुमच्या आठवणी लिहा

मागच्या महिन्यात आमची जिजी गेली. ९१ पूर्ण. दहाव्याला घरचे जेवढे त्याच्या तिप्पट बाहेरचे आले आणि जो तो असं काही सांगत होता की घरात कोणालाच पत्ता नाही. एक बाई म्हणे, नवऱ्याने मारून हाकललं तेव्हा रात्री तुमच्या ओट्यावर येऊन बसले तर जिजीने काही विचारलं नाही, ताट समोर ठेवलं आणि म्हणाली, "पयले जेवी ले, मंग रडजो." आम्ही नातवंडं तिला फक्त जपमाळ आणि तपकीर एवढ्यावरच ओळखायचो. गाव अमळनेरजवळ, वैशाखात सखाराम महाराजांचा रथ असला की आमच्याकडे मुक्कामाला किती माणसं ते मोजायची सोयच नसायची, आणि तिची भांडी तर सगळ्या गावाच्या लग्नात फिरायची. तुमच्याकडेही अशी कोणी असेल तर लिहा, लांबलं तरी चालेल.

रोटवाली
आमच्याकडे कानबाईचे रोट. कानबाई ही आमची खान्देशातली देवी, रोट म्हणजे तिचा गव्हाचा नैवेद्य. नागपंचमीनंतरचा रविवार. गहू घ्यायचे ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, माणशी सव्वा मूठ, आणि रोट भाऊबंदकीबाहेर कोणाला द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा, सगळं कडक. आजी त्यातलं काहीएक मोडायची नाही. फक्त मुठी मोजून झाल्या की दाराकडे बघून आम्हा तिघी बहिणींच्या नावाने तीन मुठी अजून टाकायची. आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही की रोट दरवर्षी का उरतो. सोमवारी सकाळी विसर्जनाला मात्र ही बाई अशी रडायची जशी सख्खी लेक सासरी चालली.

बोदवडकर
डोळ्यात पाणी आणलंत. माझ्याकडे फक्त वास आहे, मिसरी आणि कापूर. मी चार वर्षांचा होतो.

तापीकाठ
मुक्ताईची पालखी. मोठी माय मुक्ताईनगरहून चालत जायची, मलकापूर, बुलढाणा, जालना, बीड करत पंढरपूर, महिनाभरापेक्षा जास्त चाल आहे ती, लोकांना आळंदी-देहूचीच वारी माहीत असते म्हणून सांगतो. तिच्या पिशवीत स्वतःचं एकच लुगडं आणि बाकी चिंध्या, हळद, खोबरेल. मुक्कामाला पोचलं की आधी दुसऱ्या बायकांच्या पायाचे फोड बघायची, मग हरिपाठ. आम्ही म्हणायचो माय आता वय झालं, ती म्हणायची जाणारी मी नाही, मुक्ताई नेते. गुडघे गेल्यावरही ज्येष्ठात पालखी निघाली की वाळवणाचं काम सोडून ओट्यावर येऊन बसायची, त्या दिवशी घरात कोणाशी बोलायची नाही.

शिरपूरची सून
थोडं वेगळं लिहिते, राग नका मानू. माझ्या सासूबाईंना सगळं गाव माय म्हणायचं. कोणाचं बाळंतपण, कोणाचं मयत, ह्या पुढे. पण मागे चूल मी आणि जाऊबाई ओढायचो. मयताच्या घरी पिठलं-भाकरी जायची ती कोणी थापली हे कोणी विचारलं नाही. आता त्या नाहीत तर लोक माझ्याकडे येतात, आणि मी जाते, का जाते ते मलाही सांगता येत नाही. एवढंच.

जुना साक्रीकर
सुनबाई, खरं बोललात. माझी आई ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, पाठीवर मी. तिथे खायला सुकडी मिळायची, तर आई स्वतःच्या वाटणीतली शेजारणीच्या पोराला द्यायची आणि मी भोकाड पसरायचो, हे ती स्वतःच हसत सांगायची. मला अजूनही ते पूर्ण पटलेलं नाही बरं का.

नवापूर
आमची आजी ख्रिस्ती, बोलायची मावचीत, म्हणजे आमच्याकडच्या आदिवासी बोलीत. वाचता येत नव्हतं म्हणून बायबल माझ्याकडून वाचून घ्यायची, मी पानं गाळली की तिला लगेच कळायचं. नाताळाला गावातल्या सगळ्या घरी तिचा डबा जायचा, आणि होळीला शेजारचे तिला आधी बोलवायचे. अजून खूप आहे, सावकाश लिहीन.

धागा काढणारी
सगळ्यांचं वाचलं. शिरपूरच्या ताई, तुमचं वाचून आईला फोन केला, ती अर्धा तास बोलली, जिजीबद्दल कमी आणि पिठाबद्दल जास्त.
आणि हो, काल एक काका पातेलं घेऊन आले. पितळी, काठावर जिजीचं नाव कोरलेलं. त्यांच्या बहिणीच्या लग्नात नेलेलं, ती बहीण आता स्वतः आजी आहे. आई म्हणते अजून दोन पराती आणि एक घंगाळ बाहेर आहे, कोणाकडे ते फक्त जिजीला माहीत होतं.