मदत हवी आहे: विद्यापीठ पाहायला जायचंय, एका दिवसात नेमकं काय तपासायचं?

प्रश्न: मुलीला रसायनशास्त्रात पदवी करायची आहे. यादीतल्या एका विद्यापीठाचा 'ओपन डे' (विद्यापीठ पाहुण्यांना दाखवायचा दिवस) रविवारी आहे. त्यालाच जावं की वेगळा दिवस धरावा? माहितीपत्रकात जे कळत नाही ते कसं बघायचं?

उत्तर: सत्र चालू असतानाचा कामाचा दिवस धरा. रविवारी प्रयोगशाळा आवरलेली, मुलं निवडलेली आणि वाचनालय रिकामं दिसतं. परीक्षेचे आठवडेही टाळा, तेव्हा तास होत नाहीत. विभागाच्या कार्यालयाला आधी मेल करून तीन गोष्टी मागा: पहिल्या वर्षाच्या एका तासाला मागे बसायची परवानगी, प्रात्यक्षिक चालू असतानाची वेळ आणि वसतिगृहातली वापरातली खोली. नमुना खोली नको.

प्रयोगशाळेत इमारत बघू नका, मोजा. एका तुकडीत किती मुलं, चालू स्थितीतले वर्णपटमापक (स्पेक्ट्रोमीटर, प्रकाशावरून पदार्थ तपासणारी यंत्रं) किती? वीस मुलांत एकच असेल तर दोघं हाताळतात आणि बाकीचे आकडे उतरवून घेतात. यंत्राशेजारी वापराची नोंदवही असते, तिच्यातली शेवटची तारीख बघा. चार महिन्यांपूर्वीची असेल तर ते यंत्र पाहुण्यांना दाखवायला ठेवलंय असं धरून चाला. फ्यूम हूड (घातक वाफा खेचून घेणारं, समोर सरकती काच असलेलं कपाट) चालू करायला सांगा आणि काच थोडी वर असताना टिश्यू पेपरची बारीक पट्टी तोंडाशी धरा. पट्टी आत ओढली गेली तर हवा खेचली जातेय. नुसती लोंबकळली तर पंखा आवाजापुरता आहे. आत बाटल्यांची गर्दी असेल तरी हवेचा मार्ग अडतो.

उत्तर: वसतिगृहाबद्दल. वाय-फाय खोलीचं दार लावून तपासा, व्हरांड्यात नाही. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतं, आणि ५ चा सिग्नल भिंतीतून २.४ पेक्षा लवकर मंदावतो. दुपारचा वेग फसवा असतो, रात्री सगळे एकदम जोडले जातात. म्हणून 'रात्री दहाला काय होतं' हे राहणाऱ्या मुलींनाच विचारा, आणि वॉर्डन शेजारी नसताना. पाणी सगळ्यात वरच्या मजल्यावर सोडून बघा.

नकाशातल्या अंतरावर जाऊ नका. माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. एक तास संपून पुढचा सुरू होईपर्यंत दहा मिनिटं असतील आणि त्यातली पाच वर्गातून निघण्यात, जिन्यात गेली, तर हाती ४०० मीटर उरतात. विभाग ते व्याख्यानगृह स्वतः चालून घड्याळ लावा.

पुन्हा प्रश्न: नोकऱ्यांचे आकडे सगळीकडे झकास दिसतात. तिथे काय विचारायचं?

उत्तर: सरासरी नको, मध्यक मागा, म्हणजे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा. दहांपैकी नऊ जणांना वर्षाला ४ लाख आणि एकाला ४० लाख मिळाले तर सरासरी ७.६ लाख येते, मध्यक ४ लाखच राहतो. दुसरा प्रश्न छेदाचा: टक्केवारी सगळ्या उत्तीर्णांवर काढलीय की फक्त नोकरीसाठी नाव नोंदवलेल्यांवर? साठांच्या वर्गात तिसांनी नाव दिलं आणि सत्तावीस लागले, तर पत्रकात ९० टक्के छापून येतं. बाकीच्या तिसांचं काय झालं ते कुठेच नसतं. त्यांतले बरेच पुढे शिकायलाही गेलेले असतात, त्यामुळे लगेच शंका घेऊ नका. फक्त विभागवार यादी मागा.

उत्तर: एक राहिलं. मुलीला तासाला एकटीच बसू द्या. आईवडील शेजारी असले की ना ती प्रश्न विचारते, ना शेजारचा विद्यार्थी मोकळा बोलतो.