मदत हवी आहे: आमच्या ग्राहकांना पेटंटच्या नोटिसा आल्यात, कंपनीने काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात एका छोट्या कंपनीत हार्डवेअर इंजिनिअर आहे. आम्ही गोदामं, मोटेल वगैरेंसाठी वाय-फाय ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारे डबे) बनवतो. अलीकडे आमच्या काही ग्राहकांना एका पेटंटधारक कंपनीच्या वकिलांची पत्रं आलीत: परवाना घ्या, नाहीतर खटला. ही कंपनी स्वतः काही बनवत नाही, पेटंटं विकत घेऊन वसुली करते. आम्हाला मात्र पत्र नाही. एका मोटेलच्या मालकीणबाई फोनवर विचारत होत्या, "तुमचा डबा भिंतीला लावला, यात माझा काय गुन्हा?" त्यांना वाऱ्यावर सोडणं मला अजिबात पटत नाही.

शोधताना इनोव्हेशियो प्रकरण सापडलं. तेही असंच. इनोव्हेशियो या कंपनीने चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमकडून घेतलेल्या पेटंटांच्या जोरावर हॉटेलं आणि कॉफीची दुकानं गाठली होती. तेव्हा उपकरणं बनवणाऱ्या सिस्को, मोटोरोला आणि नेटगिअर ग्राहकांच्या बाजूने स्वतःहून कोर्टात उतरल्या. मागणी होती ॲक्सेस पॉइंटमागे ३.३९ डॉलर. शिकागोचे न्यायाधीश होल्डरमन यांनी २०१३ मध्ये दर ठरवला चिपमागे ९.५६ सेंट! वाय-फायच्या मानकासाठी (सगळ्या उपकरणांनी पाळायच्या सामायिक तांत्रिक नियमांसाठी) आवश्यक पेटंट वाजवी दराने देण्याचं वचन मूळ मालकांनी दिलेलं होतं, ते नव्या मालकालाही लागू झालं. शिवाय हिशेब अख्ख्या उपकरणावर न करता चिपवर केला.

पण सिस्कोची ऐपत वेगळी. सेंट्रिपेटल या सायबरसुरक्षा कंपनीने त्यांच्यावर २०१८ मध्ये पेटंटचा दावा लावला, २०२० मध्ये सिस्कोविरुद्ध १.९ अब्ज डॉलरचा निकाल लागला. न्यायाधीशांच्या पत्नीकडे सिस्कोचे शेअर निघाल्याने २०२२ मध्ये तो रद्द झाला, आणि २०२३ च्या शेवटी नव्या न्यायाधीशांनी उल्लंघनच नाही म्हटलं. इतकी वर्षं आम्ही तग धरू शकत नाही.

पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणीचा (इंटर पार्टेस रिव्ह्यू, म्हणजे पेटंट मुळात वैध आहे का ते पुन्हा तपासण्याचा) अर्ज करावा, तर सरकारी शुल्कच वीस हजार डॉलरच्या वर. वकिलांची फी वेगळी. तो करावा, की आधी ग्राहकांच्या वतीने बोलणी करावीत? चिप पुरवठादाराला यात ओढता येतं का? छोट्या कंपनीत हे निभावलेलं कुणी आहे का इथे?

प्रतिसाद:
चिपच्या खरेदीकराराची प्रत आजच काढा. भरपाईचं कलम (पेटंटचा दावा आला तर खर्च पुरवठादार उचलेल असं) असेल तर पुरवठादाराला लगेच लेखी कळवावं लागतं; उशीर केलात तर तेच कारण पुढे करून हात वर करतात. बहुतेक कलमांत "इतर भागांशी जोडल्यास जबाबदारी नाही" अशी मेख असते, ती नीट वाचा. फेरतपासणीसाठी दावा बजावल्यापासून एक वर्ष मिळतं, नुसत्या पत्राने ती मुदत सुरू होत नाही. तोवर ऑफिसच्या ईमेलवर "आपलं उल्लंघन होतंय का" अशी चर्चा करू नका, ते सगळं उद्या कोर्टात मागवलं जाऊ शकतं. जे बोलायचं ते वकिलामार्फत. ग्राहकांना एवढंच कळवा की परस्पर सही करू नका, पत्र आमच्याकडे पाठवा.