इन्ले कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये?

जिज्ञासू
नमस्कार. लाकडी पेटीवरील पितळी तारेची नक्षी, संगमरवरात बसवलेली रंगीत दगडांची फुले, गिटारच्या पट्टीवरील शिंपल्याचे ठिपके आणि दाढेच्या पोकळीत बसवलेला सिरॅमिकचा तुकडा या सर्वांना ‘इन्ले’ म्हटलेले मी वाचले आहे. वरून रंगवलेली नक्षी यात मोडत नाही, एवढे ध्यानात आले. परंतु मीनाकाम, मार्केट्री आणि इन्ले यांत फरक नेमका कशावरून करायचा, आणि दंतवैद्यकातील इन्लेचे कारागिरीशी खरोखर काही नाते आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

काष्ठशिल्प
फरक खाचेवरून करावा, असे माझे मत आहे. मूळ पृष्ठभाग कोरून खोबण करायची, तिच्या मापाचा दुसऱ्या पदार्थाचा घन तुकडा तीत बसवायचा आणि दोन्ही घासून एका पातळीत आणायचे, हा इन्ले. मीनाकामातही बहुधा खोबण असते, पण तीत काचेची पूड भरून ती भट्टीत वितळवतात. मार्केट्रीत तर मूळ लाकूड कोरतच नाहीत. वेगवेगळ्या लाकडांचे पातळ पापुद्रे एकमेकांत चपखल बसतील असे कापून त्यांचे चित्र जुळवतात आणि ते अख्खे चित्र फर्निचरवर डकवतात. फ्रान्सचा प्रसिद्ध कारागीर आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) पितळ आणि कासवाचे कवच वापरत असे. त्याच्या पद्धतीत दोन्हींचे पत्रे एकावर एक ठेवून एकदमच कापले जात आणि एका कापातून परस्परांच्या उलट रंगसंगतीची दोन चित्रे मिळत. ते काम अप्रतिम आहे, पण माझ्या लेखी ते मार्केट्रीच.

घन तुकडा धरून ठेवण्याचे काम काही ठिकाणी डिंक किंवा लाख करते, तर धातुकामात ते खाचेचा आकार करतो. पोलादात सोन्याची जाड तार बसवताना खाच तळाशी किंचित रुंद कोरतात. मऊ तार हातोडीने ठोकली की ती तळाशी पसरते आणि अडकून बसते. बिदरीकामात जस्त मुख्य आणि तांबे थोडे अशा मिश्रधातूच्या भांड्यावर छिन्नीने नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवतात, कानशीने सगळे एकसारखे करतात आणि शेवटी नवसागर मिसळलेल्या विशिष्ट मातीचा लेप लावतात. त्या लेपाने मिश्रधातू काळाभोर होतो, चांदीवर मात्र काही परिणाम होत नाही. तोवर राखाडी भांड्यात जेमतेम ओळखू येणारी नक्षी त्या क्षणी लखलखीत उठून दिसते.

दंतचिकित्सा
तळाशी रुंद असलेल्या खाचेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण आम्हाला नेमके उलटे करावे लागते. चांदी-पाऱ्याचे मिश्रण मऊ असताना भरतात, त्यामुळे तिथे आत रुंद होणारी पोकळी उपयोगी पडते. इन्ले हा मात्र तोंडाबाहेर तयार झालेला कडक तुकडा असल्यामुळे पोकळीच्या भिंती वरच्या दिशेला किंचित उघडत जाणाऱ्या ठेवाव्या लागतात. एरवी तो आत उतरणारच नाही. विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ मध्ये मेणाच्या साच्यावरून सोन्याचे इन्ले ओतण्याची पद्धत मांडली, तेव्हाही हीच अट होती, कारण मेणाचा नमुना न मोडता बाहेर निघायला हवा. तुकडा दाढेच्या उंचवट्यांच्या आतच राहिला तर इन्ले, एखादा उंचवटाही झाकला तर ऑनले. कारागिरीशी नाते विचारलेत, तर मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोक पुढच्या दातांना भोके पाडून त्यांत हरितमणी (जेड) बसवत, आणि तो शुद्ध शोभेचा इन्लेच होता.

पुस्तकबांधणी
आमच्याकडेही ऑनलेचा हा भेद आहे. चामडी वेष्टणातील भाग कापून काढून त्या जागी दुसऱ्या रंगाचे चामडे बसवले तर इन्ले, वरून पातळ चामडे चिकटवले तर ऑनले. लिनोलियमच्या फरशीतही इन्ले प्रकार असतो. त्यात रंग पूर्ण जाडीत उतरलेला असल्यामुळे वापराने झिजली तरी नक्षी पुसली जात नाही. आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तू ओळखणाऱ्या, लेबलांच्या व्यवसायात चिप आणि अँटेना असलेल्या पातळ पटलालाही इन्ले म्हणतात, परंतु तिथे कोरीव खाच नसते, फक्त दोन थरांमध्ये ठेवणे असते. काष्ठशिल्प यांची कसोटी लावली तर हा वापर सैल ठरतो.

जिज्ञासू
सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते: जुन्या लाकडी वस्तूंतील पितळी पट्ट्या पुष्कळदा उचकटलेल्या का दिसतात?

काष्ठशिल्प
हवेतील दमटपणा बदलला की लाकूड आपल्या तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाही. पितळ दमटपणाला दादच देत नाही. त्यामुळे रेषांना आडवी घातलेली लांब पट्टी लाकूड आकसले की मधोमध वर येते. पट्टी शक्यतो रेषांच्या दिशेने घालावी. आडवी घालणे भागच असेल तर छोट्या तुकड्यांत घालावी. उचकटलेली पट्टी ठोकून बसवण्यापूर्वी तिचे टोक कानशीने किंचित कमी करावे, नाहीतर ती पुन्हा वर येते.